गळती टिकवावी कशी

ट्रकखाली तेलाचा डाग दिसला की काही मालकांना घाम फुटतो. तुम्हाला फुटू नये. हंगामात हिंगणघाटच्या जिनिंगसमोर रांग लागते, तेव्हा वाकून बघा. प्रत्येक गाडीखाली आपापला डाग असतो. ज्या गाडीखाली नसतो तिच्याकडेच लोक संशयानं पाहतात, की हिच्यात तेल आहे की नाही.

तर गळती टिकवायची असेल, तर तेल जिथं लोंबतं तिथूनच गळतं असं धरून चाला. चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या, बोल्टावर थेंब आहे ना? मग चेंबरचं पॅकिंग गेलं, विषय संपला. तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं सरकतं, म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची असते, असल्या नादी लागू नका. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कोपऱ्यातून निघालेला थेंब अख्ख्या ब्लॉकवरून फिरून खाली पोचतो, हे खरं. पण ते पाहायचं तर कॅबिन उचलावी लागते, आणि कॅबिन उचलायची तर आधी डॅशबोर्डवरचे देव, पाण्याची बाटली आणि खर्ऱ्याची पुडी आवरावी लागते. कोण करणार?

इंजिन धुवायचं तर नावच काढू नका. वणीच्या कोळशाची भुकटी, काळ्या मातीचा धुरळा आणि कापसाची तूस यांचा तेलात मळलेला थर बोटभर जाड झाला की तोच पॅकिंगचं काम करतो. धुतलं, फडक्यानं कोरडं केलं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरली आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं, तर पांढऱ्यावर काळी रेघ उमटते आणि चोर सापडतो. मग दुरुस्ती करावी लागते. पावडर लेकराच्या अंगाला लावा.

गळतंय ते नेमकं काय आहे, हेही विचारू नका. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बेल हाउसिंगच्या खालून थेंब येत असेल तर ते क्रँकच्या मागच्या सीलचं इंजिन ऑइल असू शकतं, किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं गिअर ऑइल. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, बोटाला लावून नाकाशी नेलं तरी बहुधा कळतं. पण तुम्ही नाक वर ठेवा. गिअरबॉक्स तर दोन्हीसाठी उतरवावाच लागतो. एकदा चुकीच्या सीलसाठी उतरवा, एकदा बरोबर सीलसाठी. तोवर तेल क्लचप्लेटवर जाऊन क्लच घसरायला लागतो, म्हणजे तेही काम सोबतच निघतं.

बोल्ट आवळताना मात्र हात आखडता घेऊ नका. पान्याला पाइप लावा, वर क्लीनरला उभं करा. चेंबर पत्र्याचं असलं की त्याची कड बोल्टाजवळ दबते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फाकते. मग त्या फटीत सिलिकॉन भरा, ट्यूब संपेपर्यंत. जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं. ते सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसलं तर इंजिनला तेलच मिळणार नाही. तेलच फिरत नसेल तर गळणार कुठून?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ब्रीदरला हात लावू नका. कुठल्याही डिझेल इंजिनात थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरतोच, आणि ब्रीदर त्याला बाहेरची वाट देतो. ती वाट चिकटानं बुजली की आत दाब साठतो आणि जी जागा सगळ्यात नरम असेल तिथून तेल ढकलतो. म्हणजे सील बिचारं चांगलं असतं. तुम्ही ते बदलता, पुन्हा गळतं, पुन्हा बदलता, कंपनी बदलता, शेवटी मिस्त्री बदलता. एका मालकानं आपल्या मिस्त्रीला विचारलं होतं, "काहून गा, पयले ब्रीदर नाई पाह्यला?" मिस्त्री म्हणाला, "पाह्यला असता मालक, पन त्याचे पैसे कितीक लावू तुमाले?"

बरोबरच बोलला. नळी काढून डिझेलनं धुवायची, एवढ्या कामाचं बिल मिस्त्रीलाही लाजवतं आणि मालकालाही. गिअरबॉक्स उतरवला की कसं काम झाल्यासारखं वाटतं! इंजिन चालू असताना तेलाचं झाकण ढिलं करून भोकावर नुसतं ठेवलं आणि ते नाचायला लागलं, तर आत दाब आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. ब्रीदर साफ असूनही नाचलं तर मात्र रिंगा-लाइनरची खबर घ्यावी लागते. म्हणूनच झाकण घट्ट ठेवा.

फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचा रबर ब्लॉकलाच चिकटून राहिला का, हे बोट फिरवून पाहू नका. त्याच्यावरच नवा फिल्टर आवळा. दोन रबर एकावर एक बसले की अशी धार लागते की शोधायचे कष्टच पडत नाहीत.

टर्बोच्या पाइपातून झिरपणारं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असेल, तर जळका वास धाब्याच्या फोडणीचा समजा. इंजिनला चिकटलेली तूस आणि मागं कापसाच्या गाठी असताना त्या वासाकडे लक्ष दिलं तर ट्रिपा कमी होतात.

मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर गेला की तेल पातळ होतं आणि धारेला जोर येतो. तेव्हा सीटमागं एक कॅन ठेवा आणि वरून ओतत राहा. वर्षभराच्या कॅनचा हिशोब कधी करू नका, त्यात सील, पॅकिंग, मजुरी आणि मिस्त्रीचा चहा बसतो. मालकाचं मन दुखतं.

इंजिन धुवायचा एकच मुहूर्त आहे: गाडी विकायच्या दिवशी सकाळी. प्रेशर मारून लखलखीत करा, कॅन लपवा, आणि गिऱ्हाइकाला ट्रायल द्या. पहिल्या धाब्यापर्यंत. टोलनाक्यापर्यंत नको, तिथं गाडी रांगेत उभी राहते, आणि तो उतरून खाली वाकला तर पंचाईत.