‘अंपायर्स कॉल’वरचे आक्षेप: एकेक करून

पायचीतचा निर्णय रिव्ह्यूत, म्हणजे यंत्राकडून तपासून घेताना, चेंडू यष्टीच्या कडेलाच लागताना दिसला तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो; याला ‘अंपायर्स कॉल’ म्हणतात. मोठ्या सामन्यात निर्णय असा अडकला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. आशय ठरलेला असतो. चेंडू यष्टीला लागताना दिसतोय, तरी फलंदाज नाबाद कसा? तोच चेंडू पंचाने बोट वर केलं तर बाद आणि नाही केलं तर नाबाद, हा कुठला न्याय? निम्मा चेंडू यष्ट्यांवर हवा, हा पन्नास टक्क्यांचा आकडा मनाला येईल तसा ठरवलाय. टेनिसमध्ये चेंडू रेषेला जेमतेम चाटला तरी आत धरतात, मग क्रिकेटमध्येच हे नखरे का? सगळं पंचांची अब्रू राखण्यासाठी चाललंय. सॉफ्ट सिग्नल (शंकेचा झेल तिसऱ्या पंचाकडे पाठवताना मैदानावरच्या पंचाने दाखवायचा आपला कौल) काढून टाकला, तसा हाही काढा.

आपल्या संघाचा बळी असा निसटला की राग येणारच. पण यातला एकेक मुद्दा हातात घेऊन पाहिला तर बहुतेक टिकत नाहीत.

‘चेंडू यष्टीला लागताना दिसतोय.’ चेंडू पॅडवर आदळला आणि त्याचा प्रवास तिथेच संपला. कॅमेऱ्यांनी टिपलाय तो तिथपर्यंतचाच मार्ग. पॅडपासून यष्टीपर्यंतची जी रेघ आपण पाहतो ती गणिताने पुढे वाढवलेली असते. क्रीझच यष्ट्यांपासून १.२२ मीटर पुढे. फलंदाज पाय टाकून खेळला की पॅड आणि यष्ट्यांमधलं अंतर दोन-अडीच मीटरवर जातं. एवढ्या अंतरावर दिशेत नुसता अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी चेंडू सुमारे दोन सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे जातो. त्यात चेंडू टप्पा पडल्या पडल्या पॅडवर आदळला असेल, तर टप्प्यानंतर तो किती वळला हे ठरवायला कॅमेऱ्यांना मोजकीच दृश्यं मिळतात. फिरकीपटूंच्या गोलंदाजीवर वाद जास्त का होतात, त्याचं एक कारण हे आहे. पडद्यावरची रेघ इतकी गुळगुळीत आणि ठाम दिसते की ती अंदाज आहे हे आपण विसरतो.

२०११ च्या विश्वचषकात बेंगळुरूला भारत-इंग्लंड सामना ३३८ धावांवर बरोबरीत सुटला, तो अनेकांना आठवत असेल. युवराजच्या चेंडूवर इंग्लंडच्या इयान बेलविरुद्ध अपील झालं, पंचांनी नाबाद दिलं. रिव्ह्यूत चेंडू मधल्या यष्टीवर जाताना दिसला, तरी बेल वाचला, कारण चेंडू पॅडला लागला ती जागा यष्ट्यांपासून अडीच मीटरपेक्षा लांब होती आणि तेव्हाच्या नियमानुसार तेवढ्या अंतरावरच्या अंदाजाला निर्णायक मानत नव्हते. धोनी त्यावर नाराज झाला होता. पण अंतर वाढलं की अंदाजावरचा भरवसा कमी होतो, हे त्या नियमाने उघडपणे मान्य केलं होतं.

‘टेनिसमध्ये चालतं ना!’ टेनिसमध्ये चेंडू जमिनीवर पडलेला असतो. कुठे पडला, एवढंच यंत्राला सांगायचं असतं. ते घडलेल्या गोष्टीचं मोजमाप आहे. पायचीतमध्ये विचारलं जातं की मध्ये पॅड नसता तर काय झालं असतं. हे दोन प्रश्न एका तराजूत घालता येत नाहीत. गंमत म्हणजे क्रिकेटमध्येही चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला की आत, याला अंपायर्स कॉल नाही. तिथे यंत्राचा शब्द अखेरचा.

‘पन्नास टक्के आणले कुठून?’ इथे गैरसमज फार आहे. ही शक्यतेची टक्केवारी नाही. नाबादचा निर्णय बदलून बाद द्यायचा, तर निम्मा चेंडू तरी यष्ट्यांच्या चौकटीत यायला हवा. सोप्या शब्दांत, चेंडूचा मध्यबिंदू चौकटीत हवा. चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंटिमीटर, म्हणजे कडेला ठेवलेली सवलत जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. २०१६ पर्यंत ही चौकट ऑफ आणि लेग स्टंपच्या मध्यापर्यंतच होती. मग ती दोन्हींच्या बाहेरच्या कडेपर्यंत वाढवली. २०२१ मध्ये उंचीची मर्यादाही यष्ट्यांच्या वरच्या टोकापर्यंत नेली. दोन्ही बदल गोलंदाजाच्या फायद्याचे होते. आकडा कुणी डोळे झाकून लावून दिलेला नाही, तो वेळोवेळी तपासला गेलाय.

‘तोच चेंडू बाद आणि नाबाद?’ हा आक्षेप सर्वांत वजनदार. २०२० मध्ये ब्रायन लाराशी गप्पा मारताना सचिन तेंडुलकरनेही म्हटलं होतं की चेंडू यष्टीला लागत असेल तर किती टक्के हे न पाहता बाद द्यावं. सचिनबद्दल पूर्ण आदर ठेवून मला हे पटत नाही. रिव्ह्यू म्हणजे निकालावरचं अपील. खालच्या निकालातली चूक स्पष्ट दिसली तरच वरचं न्यायालय तो फिरवतं, पुरावा काठावरचा असेल तर निकाल कायम राहतो. इथेही तेच. आणि हा नियम दोन्हीकडून सारखा लागू होतो. २०२३ च्या विश्वचषकात चेन्नईला दक्षिण आफ्रिकेच्या शेवटच्या जोडीतल्या शम्सीला पंचांनी नाबाद दिलं, अंपायर्स कॉलने तो वाचला, आणि पाकिस्तान एका गड्याने हरलं. त्यानंतर संतापाचा पूर आला. पण त्याच सामन्यात, त्याच आफ्रिकेचा व्हॅन डर डुसेन अंपायर्स कॉलवरच बाद झाला होता. त्याला मैदानावर बाद दिलेलं होतं, म्हणून तो निर्णयही कायम राहिला. फिरणाऱ्या मजकुरात शम्सी असतो, व्हॅन डर डुसेन नसतो.

‘पंचांची अब्रू राखायला.’ तसा हेतू असता तर संघाचा रिव्ह्यूही बुडाला असता. पूर्वी बुडायचा. २०१७ पासून अंपायर्स कॉल आला की रिव्ह्यू संघाकडेच राहतो.

‘सॉफ्ट सिग्नल गेला, मग हाही जावा.’ २०२३ मध्ये सॉफ्ट सिग्नल काढला ते योग्यच झालं. सीमारेषेजवळचा झेल जमिनीला टेकला का, हे साठ-सत्तर मीटरवरून पंचाला दिसतच नाही. पायचीतचं तसं नाही. पंच बरोबर रेषेत, २२ यार्डांवर उभा असतो आणि तो चेंडू कसा वळतोय हे सकाळपासून पाहत असतो. त्याच्या नजरेला काठावरच्या प्रसंगी किंमत द्यायला आधार आहे.

एका ठिकाणी मात्र आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. चेंडू पॅडला रेषेत लागला का, या इम्पॅक्टच्या प्रश्नालाही अंपायर्स कॉल लावतात. तो स्पर्श तर प्रत्यक्ष झालेला असतो. टप्प्याला जो न्याय तोच इथे लावायला काय हरकत आहे, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. बदल मागायचाच असेल तर तो इथे मागावा.