नाकापेक्षा प्लांट जड

तर साहेब, अभिनंदन. सिवरेज प्लांटचा चार्ज तुमच्याकडे आला असं कळलं. मी तुमचा शेजारी. तुमच्या कंपाउंडची भिंत आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामध्ये एक माड आणि एक कच्चा रस्ता एवढंच काय ते अंतर, आणि गेल्या चौदा वर्षांत तुमच्या खुर्चीवर बसून गेलेले सहा जण मी बघितलेत, तेव्हा सल्ला द्यायचा हक्क माझ्याएवढा दुसऱ्या कोणाचाच नाही. गोव्यातला कुठला प्लांट ते लिहीत नाही, वाचणाऱ्याने आपापल्या घराजवळचा धरावा.

पहिली गोष्ट म्हणजे वास घालवायच्या भानगडीत पडूच नका. त्याला पैसे लागतात, माणसं लागतात आणि मुख्य म्हणजे रोज जाऊन बघावं लागतं. त्यापेक्षा लोकांची नाकं आवरणं कितीतरी स्वस्त.

तक्रारीचा फोन आला की विचारायचं, "कसला वास?" निम्मी माणसं इथेच गार होतात, कारण वासाचं वर्णन करायला कोणाला शिकवलेलं नसतं. कोणी कुजक्या अंड्यासारखा म्हणाला तर समजा हायड्रोजन सल्फाइड हा गॅस. सडक्या कोबीसारखा म्हणाला तर मर्कॅप्टन, ज्याचा एक भाऊबंद घरच्या सिलिंडरमध्ये मुद्दाम घालतात, गॅस गळला की कळावा म्हणून, तेव्हा "वहिनी, तुम्ही आधी सिलिंडर बघून घ्या" असं घाबऱ्या आवाजात सांगायचं, तुमचा अर्धा तास सुटला. आणि मासळीसारखा म्हणाला तर मग प्रश्नच मिटला. आमच्या गोव्यात मासळीचा वास ही तक्रार होऊच शकत नाही. "कोणीतरी सुके बांगडे भाजत असेल हो" म्हणा, पलीकडचा माणूस विचारेल, कोणाकडे?

आता पाहणीची वेळ. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ते नोकरीत एवढे उपयोगी पडतील असं तुम्हाला वाटलं नसेल. दुपारी दर्यावरून वारा सुटतो आणि वास उचलून, पातळ करून कुठल्या कुठे नेतो. रात्री सगळं उलटं, जमीन थंड पडते, हवा जमिनीला चिकटून बसते आणि मतलई वारा अगदी सावकाश दर्याकडे निघतो, वाटेतल्या प्रत्येक बेडरूममध्ये डोकावत. पहाटे पोदेर सायकलचा भोंगा वाजवत येतो ना, तेव्हा वास ऐन भरात असतो, गरम पाव हातात घेतला तरी पावाचा वास येत नाही, तुमचा येतो. म्हणून पाहणी नेहमी सकाळी साडेअकराला ठेवा. चार माणसं, एक फोटोग्राफर, सगळ्यांनी एकदा जोरात हुंगायचं आणि लिहायचं की प्रत्यक्ष पाहणीत वास आढळला नाही. यात खोटं काय आहे? काहीच नाही.

तरी एखादा चिवट निघतोच. त्याला सांगायचं की वास मुळात प्लांटमध्ये तयारच होत नाही, तो पाइपातून येतो. आणि गंमत बघा, हे बरंचसं खरं आहे. सांडपाणी पाइपात रेंगाळलं, त्यातला ऑक्सिजन संपला की पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात राहणारे बॅक्टेरिया सल्फेट खायला घेतात आणि त्याचं सल्फाइड करतात. उष्ण हवेत हे काम जोरात चालतं, आणि आपल्याकडे थंडी म्हणजे काय ते मे महिन्यात महाबळेश्वरला जाऊन बघून यावं लागतं. त्यात आपल्याकडे पाइप चालले खाडीच्या कडेने, भरती आली की फुटक्या जॉइंटातून खारं पाणी आत, आणि समुद्राच्या एका लिटरात जवळपास २.७ ग्रॅम सल्फेट असतं, म्हणजे बॅक्टेरियांना रोज चवथीचं जेवण. तेव्हा दोष दर्याला द्या. दर्यावर कोण केस घालणार?

यात तुम्हीही हातभार लावू शकता. पंपिंग स्टेशनची विहीर काठोकाठ भरेपर्यंत पंप सुरूच करू नका, लाइट बिल वाचतं, पाणी रात्रभर मुरतं, आणि पहाटे ते सगळं एकदम इनलेटला, म्हणजे प्लांटच्या तोंडाशी येऊन उंचावरून धबाधबा पडलं की पाण्यात विरघळलेला गॅस असा उसळून बाहेर येतो जशी काय गोटी सोड्याची बाटलीच फोडली. पाणी खाली अलगद सोडलं तर निम्मा त्रास तिथेच कमी होईल, पण मग तो आवाज कुठला ऐकायला मिळणार. पाइपात आधीच कॅल्शियम नायट्रेट सोडलं तर बॅक्टेरिया सल्फेट सोडून आधी नायट्रेटच्या मागे लागतात, किंवा लोहाचा क्षार घातला की सल्फाइड त्याला बांधलं जातं आणि काळा गाळ होऊन बसतं, हे जगभर करतात, पण तुम्ही हे कोणाजवळ बोलू नका, कारण लगेच कोणीतरी विचारेल की हे सगळं मोजून सोडणारा आपला डोसिंग पंप कुठाय. तो आहे. शेडच्या मागे आहे. त्याच्यावर मांजर व्यालं होतं गेल्या वर्षी.

टाकीतल्या सांडपाण्यात हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचंही तेच. हवा नीट मिळालेल्या टाकीला पहिल्या पावसातल्या ओल्या मातीसारखा वास येतो, खोटं नाही सांगत, मी स्वतः एकदा आत जाऊन घेतलाय. तो येऊ लागला तर समजा की तुमचं काहीतरी चुकतंय आणि दोनातला एक ब्लोअर बंद करा.

झाकणांविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण माझ्या खिडकीतून दिसतात ती झाकणंच. कचरा अडवायची जाळी म्हणजे स्क्रीन, रेती खाली बसवायचं ग्रिट चेंबर, गाळ घट्ट करायची टाकी, या तीन जागा सगळ्यात वाईट, म्हणून त्यांच्यावर फायबरची झाकणं बसवायची, आतली हवा फॅनने ओढून घ्यायची म्हणजे बाहेर काही फुटत नाही आणि ती ओढलेली हवा फिल्टरमधून सोडायची, असा बेत होता. झाकणं आली. हिरवीगार, सुंदर. दुसऱ्याच आठवड्यात ऑपरेटरला आतलं बघायला त्रास होतो म्हणून एक झाकण उचलून त्याच्याखाली अर्धा चिरा लावला. तो चिरा अजून तिथेच आहे. त्याच्यावर आता शेवाळ आलंय आणि झाकणाच्या वर येणाऱ्या काठावर रोज एक निळा पंचा वाळत असतो. फॅन बिचारा इमानाने चालतो, पण तो ओढतो बाहेरचीच ताजी हवा, म्हणजे आम्ही घाण हवा खातो आणि तुमचा फिल्टर शुद्ध.

तो फिल्टरही बघण्यासारखा. बायोफिल्टर म्हणजे लाकडाचे तुकडे, नारळाची सोडणं असला थर, त्याच्यावर बॅक्टेरिया वाढतात आणि वासाचा गॅस खाऊन टाकतात, अट एकच, थर ओला राहायला पाहिजे. गोव्यात सोडणांना तोटा नाही आणि पावसाला तर नाहीच नाही, तरीसुद्धा पाणी मारायचा नळ बंद ठेवून तुम्ही मार्चपर्यंत तो थर असा कोरडा करू शकता की न्हाणीच्या चुलीत घालावा. गेल्या वर्षी तिथे पपईचं झाड उगवलं. पपया चांगल्या लागल्या म्हणे, मला मिळाली नाही.

एवढं करूनही लोक बोंबललेच तर शेवटचं हत्यार म्हणजे सेंट. भिंतीवर नोझल लावायचे आणि संध्याकाळी गवती चहाचा फवारा सोडायचा. आमच्याकडे हा प्रयोग झाला. वास गेला नाही, पण गवती चहा उकळत असताना त्यात कोणीतरी नासकं अंडं फोडलंय असं काहीतरी झालं आणि आमच्या आईने त्या दिवसापासून चहात पात घालायची सोडली. (सुवास आणि दुर्गंध एवढे लांब नसतात म्हणा, मैल्याच्या वासातलं इंडोल जाईजुईच्या फुलातही असतं, प्रमाणाचा काय तो फरक. देवाला वाहताना हे आठवू नये एवढंच.)

एका बाबतीत मात्र तुमचं नशीब थोर. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनला थेम्स नदी एवढी घाणली की पार्लमेंटचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरीत भिजवून टांगावे लागले, आणि नदीकाठी बसलेल्या खासदारांनी नाक धरून भराभर कायदा केला, मग बॅझलजेट नावाच्या इंजिनीअरने शहराखालून मोठमोठी गटारं बांधली. नाक दाबलं की तोंड उघडतं ते असं. आपली विधानसभा पर्वरीला पठारावर, आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड. वर चढतच नाही.

कायद्याचीही काळजी नको. २००९ च्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकं आहेत, अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वासाबद्दल २००८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण मार्गदर्शक म्हणजे काय ते तुम्ही सरकारी माणूस, मी काय सांगू. युरोपात वास मोजायला माणसांची नाकं तपासून पॅनल बसवतात, वासाची हवा स्वच्छ हवेत पातळ करत करत निम्म्या नाकांना जिथे पत्ता लागतो तिथे आकडा धरतात. आमच्या वाड्यावर अशी नाकं फुकट आहेत, पण त्यांना सर्टिफिकेट नाही.

हां, एक ठिकाण आहे जिथे वास खरोखरच आपोआप जातो. हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग एवढा कमी असला तरी नाकाला कळतो, पण १०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास एकदम नाहीसा. विहिरीत उतरलेल्या माणसाला वाटतं, चला, गेला बुवा, आणि तो आणखी दोन पायऱ्या उतरतो. ५०० च्या पुढे तिथेच कोसळू शकतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी आहे, आणि तुमच्याकडे गॅस डिटेक्टर आहे, मी बघितलाय, ऑफिसच्या कपाटात, वरचं प्लास्टिक न काढलेला. तेवढं प्लास्टिक काढा साहेब. यात उपरोध बिपरोध काही नाही.

बाकी आमचं म्हणाल तर आम्ही रुळलोय. चवथीला मुंबईचा मेव्हणा आला होता, घुमट आरती रंगात आलेली, शामेळ घुमतंय, कापूर पेटलेला, आणि वारा फिरला. मेव्हण्याने आधी गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हळूच आपल्या मुलाच्या चड्डीकडे. मी म्हटलं, माटोळीतलं एखादं तोरिंजन कुसलं असेल. तो म्हणाला, "भाऊजी, हे फळ नाही." दोन दिवसांसाठी आला होता, दुसऱ्या दिवशीच्या बसने गेला.

तो गेल्यावर मला जरा लाज वाटली म्हणून मी तुमच्या आधीच्या साहेबांना फोन लावला, पहाटेच, पोदेर नुकताच येऊन गेला होता. ते झोपेतून उठले पण आवाज गोड, "कसला वास?" मी म्हटलं नेहमीचाच. "आता येतोय?" मी खिडकीत गेलो, खोल श्वास घेतला, परत घेतला. समोर झाकण उघडं, चिरा जागेवर, पंचा जागेवर. मला काहीच कळेना.

"थांबा," मी म्हटलं, "मुलाला उठवून विचारतो."

"नको हो, झोपू द्या त्याला," साहेब म्हणाले, "मी लिहून टाकतो, वास नाही."