कपाटाची किल्ली हिंडलग्यात

मोडी लिपीचा सहा आठवड्यांचा वर्ग झाला की माणसाला कुणाचं तरी दप्तर उपसावंसं वाटायला लागतं. मला बेळगावची वाचनालयं आठवली. बायको म्हणाली, "येताना कुंदा आणा." एवढ्या परवानगीवर निपाणीहून एकटाच सकाळच्या बसला लटकलो.

गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं, म्हणजे सत्तावन्नच्या बंडाच्याही आधीचं. त्याला नमस्कार करून दुसऱ्या एका वाचनालयात गेलो (नाव सांगत नाही, परत जायचंय). तिथं जुनी दप्तरं आहेत असं ऐकलं होतं. होतीच. कपाटात. आणि किल्लीवाले हिंडलग्याला साखरपुड्याला. बेळगावच्या किल्ल्यातला 1204 सालचा कानडी शिलालेख, एवढा थोरला दगड, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमात जाऊन बसला. ही बोटभर किल्ली हिंडलग्याहून येईना.

वाट बघत खुर्चीवर टेकलो तर ती 'सरांची' निघाली. शेजारच्या खुर्चीवर सरकलो, तर ती सरांची पिशवी ठेवायची.

"काय शोधालाय?" पेपरामागून एक आजोबा.

"मोडी कागद."

"वाचायला येतंय?"

"थोडंफार."

हा 'थोडंफार' कुणाला ऐकूच गेला नाही. अर्ध्या तासात दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक ट्रंक माझ्यापुढं हजर. इकडं घराघरांत आजोबा-पणजोबांचे जमिनीचे कागद मोडीत, कचेरीचा कारभार कानडीत आणि घरातली भांडणं मराठीत. मधे दुभाषा कोण, तर मी. सहा आठवड्यांचा.

ट्रंकेमागं दोन चुलतभाऊ होते, एकमेकांकडं न बघणारे. पणजोबांनी विहीर कुणाला दिली, एवढंच त्यांना हवं होतं. मी चष्मा पुसला. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, शब्द कुठं तुटतो याचा पत्ता नाही. दोरीवर अख्ख्या वाड्याचं धुणं वाळत घातलंय आणि त्यातून आपला बनियन ओळखायचा, असा प्रकार. घाम पुसत पुसत, वीस मिनिटांत एक ओळ लागली:

विहीरथोरल्यासनाहीधाकट्यास.

मनातल्या मनात तोडून बघितली. 'विहीर थोरल्यास, नाही धाकट्यास.' वा! पुन्हा बघितली. 'विहीर थोरल्यास नाही, धाकट्यास.' पोटात गोळा आला. स्वल्पविराम बघायला भिंगही मागितलं. पणजोबांनी बोरू उचललाच नव्हता.

थोरल्याच्या वंशातला डावीकडून वाकला, धाकट्याचा उजवीकडून.

"सांगा की ओ."

दोघांचेही दंड चांगले होते.

"इथं," मी बोट ठेवलं, "नेमकं पाणी लागलंय कागदाला."

कागद खडखडीत कोरडा होता. दोघांनी सकाळपासून पहिल्यांदाच एकमेकांकडं बघितलं.

"अण्णा, हेबी पाणीच म्हणाले."

"गेल्या वर्षी त्या कोल्हापूरवाल्यानंबी तेच सांगितलं न्हवं?"