बारा मुले आणि साडेसहा लाख मुले
‘तज्ज्ञही चुकतात, मग त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा’ हा आपल्या वृत्तपत्रातील एका लेखात विचारलेला प्रश्न रास्त असला, तरी ती चूक कशी उघडकीस आली हेही पाहावे लागते. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ मधील निबंध अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला (एका पत्रकाराच्या चिकाटीचा त्यात मोठा वाटा होता), आणि डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. म्हणजे चूक पुराव्यानेच सिद्ध होते; म्हणून मतदानयंत्रांविषयी शंका घेणाऱ्यांनीही समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितींऐवजी व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांच्या (मत कोणाला गेले हे दाखवणाऱ्या कागदी चिठ्ठ्यांच्या) मोजणीतील तफावत दाखवावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.