स्विन्लीच्या सायकलवाटा, रातवा आणि काका तुमचा राग

काका (प्रतिक्रियेखाली "सत्तरी ओलांडलेला भटक्या, सातारा" एवढीच सही आहे, म्हणून काकाच म्हणतो),

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलजवळच्या स्विन्ली फॉरेस्टमधल्या माउंटन बायकिंगवर मी लिहिलेला लेख तुम्हाला अजिबात आवडला नाही, हे स्पष्ट कळवलंत. बरं वाटलं, कारण "छान लेख" याच्यापलीकडे इथे सहसा कोणी काही लिहीत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पक्ष्यांसाठी राखलेल्या जागेत सायकली कशाला, चाकांनी माती उकरली जाते, निसर्ग आहे तसा राहू द्या, इंग्रजांनी स्वतःच्या देशात सगळं रान सायकलवाल्यांना मोकळं सोडलेलं दिसतंय, आणि कासच्या पठारावर कोणी अशी सायकल घातली असती तर मीच आधी ओरडलो असतो. शेवटी नातवाबद्दलही विचारलंय. त्याचं शेवटी सांगतो.

"निसर्ग आहे तसा राहू द्या" यापासून सुरुवात करतो, कारण आपला खरा मतभेद तिथे आहे. हीथ नावाचं जे माळरान तुम्ही फोटोत पाहिलंत, जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप हेदर, पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स, मधूनच एखादा पाइन, ते "आहे तसं" कधीच नव्हतं. या रेताड, आम्ल जमिनीवर मुळात जंगल होतं. कांस्ययुगापासून माणसांनी ते तोडलं, त्यावर गुरं-मेंढ्या चारल्या, जळणासाठी गॉर्स कापलं, गुरांखाली अंथरायला नेचे नेले. जमीन निकस होत गेली आणि निकस जमिनीत जे तगतं ते हेदर पसरलं. आता चराई थांबवा, कापणी थांबवा: काही वर्षांत बर्चची रोपं डोकं काढतात, मागोमाग पाइन येतो आणि माळ संपतो. इंग्लंडमधल्या सखल भागातल्या हीथपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त हीथ 1800 नंतर गेलं. काही नांगराखाली, काही घरांखाली, काही लागवडीच्या पाइनखाली, आणि काही केवळ कोणी तिकडे फिरकलं नाही म्हणून. माणसाने हात काढून घेतल्यावर मरणारं हे रान आहे. तुमच्यासारख्या जुन्या भटक्याला हे पटायला जड जाईल, पण इथला वनरक्षक मे महिन्यात पर्यटकांना पक्ष्यांपासून दूर ठेवतो आणि हिवाळ्यात स्वतःच करवत घेऊन झाडं पाडतो.

स्विन्ली तर बहुतांश लाकडासाठी लावलेलं सूचिपर्णी जंगल आहे. तिथे रातवा (अंधार पडल्यावर उडणारा पक्षी, इंग्रजीत नाइटजार) अंडी घालतो ते यंत्रांनी नुकत्याच तोडलेल्या मोकळ्या पट्ट्यांत. वुडलार्क, म्हणजे चंडोलाचा भाऊबंद, त्यालाही तीच उघडी जमीन हवी. तिसरा डार्टफर्ड वॉर्बलर, वटवट्याच्या कुळातला. त्याला दाट गॉर्स लागतं. 1962-63 च्या कडक हिवाळ्यानंतर याच्या ब्रिटनभरात जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. या तिघांसाठी 2005 मध्ये बर्कशायर, सरे आणि हॅम्पशायरमध्ये विखुरलेलं आठ हजार हेक्टरांहून जास्त हीथ आणि रान संरक्षित झालं. थेम्स बेसिन हीथ्स असं त्याचं नाव. नियम कसे आहेत पाहा. 400 मीटरच्या आत नवं घर बांधायचं नाही. त्यापुढे 5 किलोमीटरपर्यंत बांधायचं असेल, तर लोकांना फिरायला दुसरी हिरवी जागा करून द्यायची, म्हणजे ते हीथवर कमी येतील. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः कोण होतं? शेजारची मांजरं, आगी लावणारी पोरं आणि रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला येणारे कुत्रे.

रातवा घरटं बांधत नाही. आफ्रिकेतून मे महिन्यात येतो, उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो आणि पाचोळ्याच्या रंगाच्या अंगावर विसंबून निपचित बसतो. कुत्रं अगदी जवळ आलं की उडतो, आणि मग उघडी पडलेली अंडी कावळ्याला दिसतात. डॉर्सेटच्या हीथवर झालेल्या अभ्यासात वाटेजवळची घरटी जास्त फसलेली आढळली. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, मान्य. पण त्यातूनच मी उलट निष्कर्ष काढतो: वाटा कमी आणि ठरलेल्या हव्यात. स्विन्लीत 2013 च्या आधी सायकलस्वारांनी स्वतःच पाडलेल्या वाटांचं जाळं होतं. त्या वर्षी खुणा केलेल्या हिरव्या (सोप्या), निळ्या (मध्यम) आणि लाल (अवघड) वाटा खुल्या झाल्या. निळी सुमारे दहा किलोमीटर, लाल सुमारे तेरा, दोन्ही एकदिशा. माणसाला चांगली वळणं आणि उंचवटे वाटेवरच मिळाले की तो झुडपात शिरत नाही. नुसत्या मनाईच्या पाटीपेक्षा मी चांगल्या बांधलेल्या वाटेवर जास्त विश्वास ठेवतो.

मातीचं म्हणाल तर अमेरिकेत मोंटाना राज्यात विल्सन आणि सीनी यांनी 1994 साली डोंगरवाटांवरच्या धुपीची तुलना प्रसिद्ध केली. त्यात सर्वांत जास्त माती मोकळी केली घोड्यांच्या टापांनी, सायकलींनी नव्हे. पण एका अभ्यासावर मी कोर्ट भरवणार नाही. वाट खातं ते पाणी, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. गडाच्या सरळसोट चढणाऱ्या वाटेची पावसाळ्यात घळ झालेली तुम्ही पाहिलीच असेल. म्हणून वाट उताराच्या धारेने न नेता आडवी नेतात, बाहेरच्या कडेला किंचित कलती ठेवतात, मध्येमध्ये छोटा चढ देतात म्हणजे पाणी तिथे वाट सोडून खाली निघून जातं, आणि वर खडी दाबतात. मागचं चाक जाम करून घसरत वळणारा हिरो ही सगळी मेहनत दोन रविवारांत वाया घालवतो. त्याची बाजू मी घेत नाही.

आणि मोकळं सोडलेलं रान? तसं नाही. इंग्लंडमध्ये 1968 च्या कायद्याने सायकलला घोडेवाटेवर परवानगी मिळाली, तीही पायी आणि घोड्यावर जाणाऱ्याला आधी वाट देण्याच्या अटीवर. साध्या पायवाटेवर तो हक्क नाही. 2000 च्या कायद्याने माळ आणि हीथ लोकांना खुलं झालं, पण पायीच. न्यू फॉरेस्टमध्ये तर ठरलेल्या खडीच्या रस्त्यांखेरीज सायकल न्यायची नाही. (स्कॉटलंडचं वेगळं आहे, तिथे 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला सायकलवरही फिरायचा हक्क आहे. पण तिथली वस्ती किती विरळ, ते नकाशात पाहा.)

कासवर सायकल नको, यात दुमत नाहीच. जांभ्याच्या सड्यावर बोटभर माती, तिच्यातच ती सगळी फुलं. तिथे पाऊलसुद्धा जपून टाकावं. पण काससाठी योग्य ते स्विन्लीसाठीही योग्य, असं कसं म्हणता येईल? शिवाय कासलाही कुंपण घालून चराई थांबवल्यावर फुलांचं भलं झालं की नुकसान, यावर साताऱ्यात केवढा वाद झाला, तो तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलाय.

तुमच्या रागाचा एक वाटा मात्र बरोबर पत्त्यावर जातो. खुणांच्या वाटा सोडून झाडीत फावड्याने उड्यांचे ढिगारे रचणारे इथे आहेत, आणि उन्हाळ्यात अंधार पडल्यावर, म्हणजे रातवा बाहेर पडतो नेमक्या त्याच वेळी, डोक्याला दिवे लावून टोळीने फिरणारेही. अशा चोरवाटा मोबाइलच्या अ‍ॅपवर उमटतात आणि पुढच्या आठवड्यात तिथे आणखी चाकं पोचतात. म्हणून माझ्या लेखात त्यांची नावं नाहीत आणि यापुढेही नसतील. ईमेलवर विचारलं तरी सांगत नाही.

आता नातू. तो ब्रॅकनेलला राहतो आणि माझा लेख वाचून दर रविवारी तिथे जातो म्हणता, तर त्याला एवढं सांगा: आधी निळी वाट, हात बसल्यावर लाल. एकदिशा वाटेवर उलटा शिरू नको. मार्च ते जुलै खुणा सोडून एक फूटही आत नको. जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवस थांब. आणि उन्हाळ्यात तिथे सिगारेट, शेगडी काही नको. 2011 च्या मे महिन्यात स्विन्लीला लागलेली आग विझवायला बाहेरच्या जिल्ह्यांतून बंब आणावे लागले होते. त्याने कुत्रा पाळला असेल, तर त्या महिन्यांत कुत्र्याला दोन मीटरची दोरी लावून फिरव म्हणावं, नाहीतर सरळ घरी ठेव.