दुर्मीळ आजार निसटतो तो पहिल्या तासात

लहान मुलांच्या ‘विचित्र केसेस’ सांगताना त्यात हमखास एक हुशार डॉक्टर असतो. कुणाला न सुचलेलं नाव त्याला सुचतं आणि मूल वाचतं. चयापचयाच्या जन्मजात आजारांपुरतं (शरीरातलं अन्नाचं रूपांतर जन्मापासूनच बिघडलेलं असतं ते आजार) बोलायचं तर हे चित्र दिशाभूल करणारं आहे असं माझं ठाम मत आहे. नाव सुचायला नंतर भरपूर वेळ मिळतो. पुरावा मात्र तासाभरात नाहीसा होतो, आणि बऱ्याचदा आपले उपचारच तो पुसून टाकतात.

शुगरचंच घ्या. उलट्यांमुळे रात्री काही न खाता झोपलेलं दीड-दोन वर्षांचं मूल सकाळी उठवलं तरी उठत नाही, आकडी येते. ग्लुकोमीटरवर आकडा ३५, म्हणजे धोकादायक कमी. शिरेतून १० टक्के ग्लुकोज, किलोमागे २ मिली दिलं की मूल डोळे उघडतं. सगळे सुटकेचा श्वास टाकतात, कागदावर ‘उलट्यांमुळे शुगर कमी’ असं लिहिलं जातं आणि मूल घरी जातं. पुढच्या तापात तेच होतं, आणि त्या वेळी दवाखाना गाठायला उशीर झालेला असू शकतो.

ग्लुकोज तातडीनं द्यायचंच, त्यात वाद नाही. पण सुई शिरेत गेलेलीच आहे, तर ग्लुकोज जोडण्याआधी त्याच सुईतून थोडं रक्त काढून घ्या. लॅबमधली खरी शुगर, इन्शुलिन, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन (उपाशीपोटी शुगर टिकवणारी हार्मोन), बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट (मुख्य कीटोन; कीटोन म्हणजे उपाशीपणी चरबीपासून बनणारं इंधन), फ्री फॅटी अॅसिड, लॅक्टेट, अमोनिया आणि फिल्टर पेपरवर अॅसिलकार्निटिनसाठी (चरबी जाळताना बनणारे घटक) काही थेंब. रक्त येत नसेल तर थांबू नका, ग्लुकोज द्या. त्यानंतरची पहिली लघवी धरून कीटोन बघा आणि उरलेली गोठवून ठेवा. ही लघवी बहुतेक वेळा डायपरबरोबर कचऱ्यात जाते, याची मला खरंच चीड येते.

या एका सॅम्पलमधून काय काय निघतं ते पाहा. शुगर ५० च्या खाली असताना इन्शुलिन जवळजवळ सापडायलाच नको. सापडलं आणि कीटोन दबलेले असतील तर हायपरइन्शुलिनिझम, म्हणजे नको तेव्हा जास्त इन्शुलिन. फॅटी अॅसिड भरपूर पण कीटोन नाममात्र, तर चरबी जाळण्याच्या साखळीत कुठेतरी खंड, उदाहरणार्थ चरबी जाळणाऱ्या एमसीएडी या एन्झाइमची कमतरता. लॅक्टेट चढलेलं आणि यकृत मोठं, तर ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) साठण्याचा आजार डोक्यात यायला हवा. फॅटी अॅसिडबरोबर कीटोनही भरपूर असतील तर कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोनकडे बघायचं. शुगर १२० झाल्यावर हेच रक्त काढलं तर यातलं बरंचसं दिसतच नाही. एमसीएडीचं मूल एरवी अगदी धडधाकट असतं. उपाय तरी काय, तर उपाशी राहू न देणं आणि आजारपणात खाणं बंद पडलं की लगेच ग्लुकोजची सलाईन.

दुसरी गोष्ट अमोनिया, म्हणजे प्रथिनं मोडताना तयार होणारा, साठला तर मेंदूला विषारी ठरणारा घटक. बाळ पहिला दिवस छान दूध पितं, मग दोन-तीन दिवसांचं होताना सुस्तावतं, दूध सोडतं, श्वास भराभर घेतं. सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) समजून अँटिबायोटिक सुरू होतात, ते बरोबरच आहे. चूक पुढे होते: ४८ तासांनी कल्चर (रक्तात जंतू वाढतात का याची तपासणी) निगेटिव्ह आल्यावर अमोनिया पाठवला जातो, आणि तोवर मेंदूला सूज आलेली असते. तो पहिल्याच रक्ताबरोबर जायला हवा. ब्लड गॅस, म्हणजे रक्ताच्या आम्लतेची तपासणीही बोलते. सेप्सिसमध्ये रक्त आम्लाकडे झुकतं. युरिया सायकलच्या (अमोनियाचा निचरा करणाऱ्या साखळीच्या) बिघाडात अमोनिया श्वसनकेंद्राला डिवचतो, म्हणून सुरुवातीला उलट अल्कलोसिस, म्हणजे रक्त अल्कलीकडे झुकलेलं दिसतं. आजारी नवजात बाळात अल्कलोसिस दिसला तर ‘मशीन चुकलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

अमोनियावर कुणाचा विश्वास नसतो, कारण तो खोटा वाढलेला येतो. पण त्याची कारणं आपल्याच हातात असतात. दंड आवळू नका, टाच पिळू नका, रक्त आपसूक वाहू द्या. ट्यूब लगेच बर्फात, आणि अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा. नवजात बाळात १५० मायक्रोमोलच्या वर आला तर ताबडतोब दुसरं सॅम्पल, पण त्याच्या रिपोर्टची वाट न पाहता प्रथिनं थांबवून १० टक्के ग्लुकोज सुरू. प्रथिनं मात्र एक-दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि अमोनिया पुन्हा चढतो.

कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. गॅलॅक्टोसेमियाच्या (दुधातली गॅलॅक्टोज ही साखर पचवणारं एन्झाइम नसण्याचा आजार) बाळांना ई. कोलाय या जंतूचा सेप्सिस खरोखरच होतो. कावीळ, बिघडलेलं यकृत आणि ई. कोलाय एकत्र दिसले की दूध थांबवून एन्झाइमची तपासणी पाठवायची, तीही रक्त चढवण्याआधी. नंतर पाठवली तर रक्तदात्याचं एन्झाइम मोजलं जातं आणि रिपोर्ट नॉर्मल येतो.

तपासणीसाठी पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं द्रव) काढतानाही अशीच गफलत होते. ग्लूट-१ च्या (रक्तातली साखर मेंदूत नेणाऱ्या प्रथिनाच्या) आजारात रक्तातली शुगर नॉर्मल आणि पाण्यातली कमी असते, साधारण रक्ताच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली. जोडीचं रक्त सुई टोचण्याआधीच घ्यायचं, कारण रडण्या-धडपडण्यानं शुगर चढते. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्समागे हे निघालं तर कीटोजेनिक आहार (भरपूर चरबी, अगदी कमी पिष्ट) हा उपचार आहे.

निसटलेल्या पुराव्याची किंमत किती असू शकते? अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात १९८९ मध्ये एका तान्ह्या बाळाच्या रक्तात इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे अँटिफ्रीझ, सापडल्याचा रिपोर्ट आला. बाळ दगावलं आणि विष घातल्याबद्दल आईला जन्मठेप झाली. दरम्यान ती कोठडीत असतानाच तिला दुसरं मूल झालं होतं आणि त्याला मिथाइलमॅलॉनिक अॅसिडेमिया या चयापचयाच्या जन्मजात आजाराचं निदान झालं होतं. पहिल्या बाळाचं साठवलेलं रक्त पुन्हा तपासलं तेव्हा उलगडा झाला: या आजारात साठणारं प्रोपियोनिक अॅसिड लॅबनं इथिलीन ग्लायकॉल समजून वाचलं होतं. १९९१ मध्ये तिच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. यात कुणाची हुशारी कमी पडली म्हणण्यापेक्षा, विषाचा रिपोर्ट आला त्याच दिवशी लघवीतल्या ऑर्गॅनिक अॅसिडची (अशा आजारात साठणाऱ्या आम्लांची) तपासणी झाली नाही, हे मला जास्त खटकतं. ती आई सुटली तीही कुणीतरी रक्त टाकून दिलं नव्हतं म्हणून.

म्हणून मूल वाचण्याची आशा उरली नसेल तेव्हाही, पालकांची परवानगी घेऊन, फिल्टर पेपरवर रक्ताचे थेंब, गोठवलेला प्लाझ्मा, गोठवलेली लघवी आणि डीएनएसाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधलं रक्त ठेवून द्यावं. यातले बहुतेक आजार दोन्ही पालकांकडून आलेल्या जनुकांमुळे होतात आणि प्रत्येक पुढच्या गरोदरपणात धोका चारात एक असतो. नेमका दोष माहीत असेल तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासून उत्तर देता येतं. माहीत नसेल तर लॅबला शोधायचं काय हेच सांगता येत नाही.