रंगीत खुणा म्हणजे डीएनएची अक्षरं नव्हेत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘डीएनएला रंग लावून तो टोकापासून टोकापर्यंत एका दमात वाचणारी मशीन आली आहे. थुंकीचा एक थेंब पुरे. प्रत्येक आनुवंशिक आजार कळतो. आधीचे डीएनए रिपोर्ट रद्दी समजा.’ तो वाचून खानापूरच्या एका मावशींनी मला फोन केला, ‘पोराचा जुना रिपोर्ट टाकून देऊ काय?’ मावशी, तो जपून ठेवा. मी प्रयोगशाळेत हेच काम करते, म्हणून हे सविस्तर लिहिते.

सगळा घोळ ‘रंग लावून वाचणारी’ या शब्दांत आहे. रंग लावण्याची पद्धत खरी आहे, तिला ऑप्टिकल मॅपिंग म्हणतात. डीएनए हा ए, टी, जी, सी या चार रासायनिक ‘अक्षरां’चा लांबलचक धागा. या पद्धतीत एक एन्झाइम त्यावर सीटीटीएएजी ही सहा अक्षरं सलग जिथं जिथं सापडतील तिथं चमकणारा हिरवा रंग चिकटवतो. मग रेणू अतिशय बारीक नळ्यांतून सरळ ताणून त्याचे फोटो काढतात. फोटोत दिसतात फक्त हिरवे ठिपके आणि त्यांच्यामधलं अंतर. बेळगावहून खानापूरला जाताना मैलाचे दगड मोजले तर अंतर कळतं, मच्छेच्या शेतात भात आहे की ऊस, ते कळत नाही.

पण या अंतराला मोठी किंमत आहे. एफएसएचडी नावाचा स्नायूंचा आजार घ्या. त्यात चेहरा, खांदे, दंड दुबळे होत जातात. चौथ्या गुणसूत्राच्या टोकाशी ३,३०० अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो ११ किंवा जास्त वेळा असतो, बहुतेक रुग्णांत १० किंवा त्याहून कमी. दीडशे-तीनशे अक्षरांचे तुकडे वाचणाऱ्या नेहमीच्या सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमानं वाचण्याच्या पद्धतीला, हे मोजता येत नाही, कारण सगळे तुकडे सारखेच दिसतात. लांब रेणूवरच्या खुणा मात्र ते मोजून देतात.

अक्षरं वाचण्याची यंत्रं वेगळी. त्यातल्या नॅनोपोर यंत्रात डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून सरकतो, विजेचा प्रवाह बदलतो आणि त्यावरून संगणक अक्षरं ओळखतो. तिथंही ‘टोकापासून टोकापर्यंत’ हे खरं नाही. आतापर्यंतची सर्वांत लांब सलग वाचनं ४० लाख अक्षरांच्या आसपास आहेत, आणि आपलं सर्वांत छोटं, एकविसावं गुणसूत्रच सुमारे ४.५ कोटी अक्षरांचं. २०२२ साली वाय गुणसूत्र वगळता मानवी जीनोम, म्हणजे माणसाचा संपूर्ण डीएनए, पूर्ण वाचून झाला, तोही लांब तुकडे एकमेकांशी जुळवूनच.

थुंकीचं म्हणाल तर या बाबतीत मला खरोखर काळजी वाटते, कारण असल्या मेसेजवर विश्वास ठेवून लोक नमुने पाठवतील. लांब डीएनए फार नाजूक असतो. तो काढताना आम्ही पेशी जेलच्या वडीत बसवतो किंवा पिपेटच्या, म्हणजे द्रव ओढायच्या नळीच्या, रुंद तोंडाच्या टिपनं अगदी सावकाश ओढतो. चांगला निघाला तर टिपेतून चिकट दोरीसारखा लोंबतो. नळी जोरात हलवली की तो तुटला, मग कितीही महागडं यंत्र असो, लांब रेणू परत येत नाही. थुंकीतला डीएनए सहसा आधीच तुटलेला, शिवाय त्यात तोंडातल्या जिवाणूंचाही मिसळलेला. ऑप्टिकल मॅपिंगला ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेल्या नळीतलं ताजं रक्त, थंड ठेवून, लवकर पोचवावं लागतं.

राहिले जुने रिपोर्ट. भारतात बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला कारण ठरणारा सर्वाधिक आढळणारा बदल एकाच अक्षराचा आहे, जीच्या जागी सी. तो पीसीआरवर (डीएनएच्या हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीवर) आधारलेल्या साध्या तपासणीतही नीट पकडता येतो. ठिपक्यांच्या नकाशात तो दिसणारच नाही, कारण एक अक्षर बदलल्यानं ठिपक्यांमधलं अंतर बदलत नाही. मावशींच्या पोराचा रिपोर्ट थॅलेसेमियाचाच आहे. पुन्हा पैसे घालण्याआधी तो घेऊन आनुवंशिक सल्लागाराकडे जावं आणि विचारावं: आमच्या आजारात बदल एका अक्षराचा असतो, की मोठा तुकडा कमी-जास्त होतो? कोणती तपासणी लागेल, ते त्या उत्तरावर ठरतं.